धर्मादाय बेकरीत जाणार असाल तर अंगमेहनतीची तयारी ठेवा

बेकरीत सेवा द्यायला जाते म्हटलं की लोकांना वाटतं एप्रन घालून ब्रेडवर तीळ भुरभुरवायचे आणि गरमागरम वासात उभं राहायचं. तसं काही नसतं हो. आधी पोती असतात. मैद्याचं पोतं २५ किलोचं, कधी ५० चं पण येतं, ते गोडाऊनमधून मिक्सरपर्यंत न्यायचं, फोडायचं, ओतायचं, की दुसरं आणायला परत. ५० चं पोतं एकट्याने उचलायचंच नाही, दोघांनी धरायचं. आणि कमरेतून वाकायचं नाही, गुडघे वाकवून खाली जायचं, पोतं पोटाशी घट्ट धरून उठायचं, वळताना कंबर न पिळता पाय वळवायचे. हे तिथल्या जुन्या माणसांनी पहिल्याच दिवशी दटावून सांगितलं आणि त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

पण पोत्यांपेक्षा जड काम म्हणजे मळलेलं पीठ बाहेर काढणं. हिशोब करून बघा, २५ किलो मैदा, त्यात साधारण १५-१६ लिटर पाणी, अर्धा किलो मीठ, थोडं यीस्ट, म्हणजे झाले ४१ किलो आणि वर काहीतरी. हा सगळा गोळा चिकट, लोंबणारा, भांड्याला धरून बसलेला, तो हाताला पाणी नाहीतर तेल लावून तुकड्या-तुकड्याने ओढून टेबलावर आणायचा. मग कापायचा, वजन करायचं, गोल करायचं, साच्यात टाकायचं. ४५० ग्रॅमचे धरले तर एका घाण्यात नव्वदच्या आसपास ब्रेड होतात. दुसऱ्या दिवशी मनगटं आणि खांदे बोलतात, पायसुद्धा, कारण बसायला वेळ मिळतच नाही.

वेळ का मिळत नाही, तर यीस्ट कुणासाठी थांबत नाही. खोली गरम असली की पीठ भराभर फुगतं, म्हणून उन्हाळ्यात गार पाणी, कधी बर्फसुद्धा घालतात. ओव्हन रिकामा व्हायच्या आत साचे भरून तयार नसले किंवा फुगून उतरायला लागले तर अख्खा घाणा बसतो आणि तेवढ्या लोकांच्या ताटात त्या दिवशी ब्रेड नसतो. म्हणून मला वाटतं की जमेल तेव्हा येईन म्हणणाऱ्या दहा जणांपेक्षा ठरलेल्या वेळी नेमाने येणारा एकच माणूस तिथे जास्त हवा असतो.

मला सगळ्यात पटलेली गोष्ट म्हणजे तिथे फुकट वाटायचंय म्हणून काहीही चालतं असं कुणी मानत नाही, आणि मानूच नये. घेणारा माणूस गरजू आहे, त्याची जीभ काही वेगळी नाही. ब्रेड पूर्ण गार झाल्याशिवाय कापत नाहीत, कारण गरम असताना आतला भाग ओलसर चिकट असतो आणि सुरीला लागतो, आणि गरमच पिशवीत भरला तर वाफेचं पाणी सुटून बुरशी लवकर धरते. वाटताना एक सांगावं लागतं, ब्रेड फ्रीजमध्ये ठेवू नका, तिथे तो उलट लवकर कडक होतो. बाहेर ठेवा, जास्त दिवस ठेवायचा तर फ्रीझरमध्ये.

पिठाची धूळ हलक्यात घेऊ नका. वर्षानुवर्षं ती श्वासात गेली तर बेकरीतल्या कामगारांना दमा होऊ शकतो, हा ओळखीचा आजार आहे. पोतं उंचावरून धपकन ओतायचं नाही, मास्क लावायचा, जमीन कोरड्या झाडूने झाडण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसायची. दमा आधीच असेल तर पॅकिंगचं काम मागून घ्या, तेही कमी महत्त्वाचं नाही, क्रेट भरून गाडीत चढवायला माणसं कायम कमी पडतात.

आणि जाताना पुढून बंद, न घसरणारे बूट घाला, केस बांधा, अंगठी, बांगड्या, घड्याळ घरी ठेवा. चालू मिक्सरजवळ ओढणी किंवा लोंबती बाही अजिबात नको, आणि तो पूर्ण थांबल्याशिवाय भांड्यात हात घालायचा नाही, कितीही घाई असली तरी.