आमची वाटचाल : सॅमेरियम अडलं तेव्हा

आम्ही मॅग्नेटिक ड्राइव्ह पंपांची कपलिंग्ज बनवतो, म्हणजे मोटरची फिरकी नुसत्या चुंबकांच्या ओढीने पंपाला देणारे जोड. चुंबक बसवलेला बाहेरचा रोटर, तसाच आतला रोटर, मधे कॅन म्हणजे बंद धातूचं भांडं. शाफ्ट आरपार नाही, त्यामुळे सीलमधून गळती हा प्रश्नच नाही. गरम थर्मिक फ्लुइडच्या (उष्णता वाहून नेणाऱ्या तेलाच्या) पंपात सॅमेरियम कोबाल्टचा, म्हणजे तापूनही जोर टिकवणारा चुंबकच लागतो, हे धंद्यातल्या माणसाला सांगायला नको.

सुरुवातीची वर्षं कष्टात गेली, मग घडी बसली. सांगायचं आहे ते २०२५ बद्दल.

४ एप्रिलला चीनने सॅमेरियम, डिस्प्रोसियम, टर्बियमसह सात दुर्मिळ मृदा (रेअर अर्थ) मूलद्रव्यांवर आणि त्यांच्या चुंबकांवर निर्यात परवाना लावला. कारण होतं अमेरिकेने वाढवलेलं आयातशुल्क. भांडण त्या दोघांचं, पण परवाना सगळ्या देशांना लागू. माल शेवटी कुठे वापरणार, लष्करी कामाला नाही ना, हे लिहून द्यायचं आणि थांबायचं. मोटारी बनवणाऱ्या बड्या कंपन्यांसाठी त्यांची सरकारं बोलली. आमच्या एका पेटीसाठी कोण बोलणार?

आमच्या जुन्या पुरवठादाराचं बिल आम्ही कधी थकवलं नाही. त्याच्या गोदामात माल होता. तो एका मोठ्या गिऱ्हाइकाला गेला आणि आम्हाला फोनवर नुसतं ‘बघतो’ ऐकायला मिळालं. त्यातच आमच्या एका स्पर्धकाने बाजारात उठवलं की आम्ही गरम पंपांत साधं निओडिमियम, म्हणजे उष्णतेत जोर गमावणारे चुंबक भरतोय. साफ खोटं! आम्ही गिऱ्हाइकांना कारखान्यात बोलावलं, कपलिंग तापवलं आणि त्यांच्यासमोर गॉसमीटर (चुंबकाचा जोर मोजायचं यंत्र) लावला. तरी काही ऑर्डरी गेल्या त्या गेल्याच. त्याचा राग अजून आहे.

तगलो ते एका रसायन कारखान्याच्या देखभाल प्रमुखांमुळे. आमच्या पहिल्या कपलिंगपासून ते आमच्यासोबत आहेत. त्यांनी भंगारात काढलेल्या पंपांची जुनी कपलिंग्ज आमच्याकडे पाठवली आणि म्हणाले, “तुमचाच माल आहे, बघा काय निघतं.”

वेल्ड केलेलं पातळ स्टेनलेसचं कवच लेथवर उतरवायचं, रोटर भट्टीत ठेवून इपॉक्सी सैल करायचं, मग लाकडी पाचर आणि पितळी छिन्नीने एकेक तुकडा सोडवायचा. लोखंडी पक्कड जवळही आणायची नाही. सॅमेरियम कोबाल्ट काचेसारखा ठिसूळ. सुटलेला तुकडा शेजारच्यावर झेपावला की कोपऱ्याची कपची उडालीच. प्रत्येक तुकडा पुसून, चुंबकाचे ध्रुव दाखवणाऱ्या फिल्मवर पोल बघून, गॉस मोजून वेगळ्या ॲल्युमिनियमच्या ट्रेमध्ये. आमच्या मुलांनी हे काम ज्या हाताने केलं, त्याला तोड नाही. त्याच चुंबकांवर त्या कारखान्याचे पंप फिरले आणि आमचे पगार झाले.

या धंद्यात नव्याने येणाऱ्यांना सांगतो. ड्रॉइंगवर नुसतं ‘मॅग्नेट’ लिहू नका. ग्रेड लिहा, तापमान लिहा, आत कुठलं मूलद्रव्य आहे ते पुरवठादाराकडून लेखी घ्या. ज्या पंपाला साधं निओडिमियम चालतं, तिथे उगाच उष्णता सोसण्यासाठी डिस्प्रोसियम घातलेला महाग ग्रेड टाकू नका. जुनी कपलिंग्ज किलोवर विकू नका. २०१० मध्ये चीन-जपान वादात जपानकडे जाणारा रेअर अर्थचा माल अडला होता, तेव्हाच सगळ्यांनी सावध व्हायला हवं होतं.

ऑक्टोबर २०२५ ला जाहीर झालेले जादा निर्बंध चीनने नोव्हेंबरमध्ये वर्षभरासाठी स्थगित केले. एप्रिलचा परवाना मात्र कायम राहिला. तो पुरवठादार आता स्वतःहून फोन करतो. आम्ही दोन नवे धरलेत आणि भंगारातली कपलिंग्ज अजूनही विकत घेतो. कुणाकडे असतील तर कळवा, वजनावर नाही, गॉस मोजून पैसे देऊ.