आमची वाटचाल : रायगडचा माल छत्तीसगडात

सांगलीत विश्रामबागेत दोन खोल्यांत आमचं काम चालतं. मी, बायको आणि हाताखाली तिघं. बियाणं, ठिबक, मोटारपंप विकणाऱ्या कंपन्या विक्रीच्या एक्सेल शीट पाठवतात, आम्ही त्यावरून नकाशे काढून देतो. कुठे माल उठतो, कुठे पडून राहतो, हे नकाशावर एका नजरेत कळतं. सुरुवातीची वर्षं मात्र आम्ही नुसती डेटा एन्ट्री करायचो.

पहिला नकाशा दिला तो एका ठिबकवाल्या कंपनीला. त्यांचे विक्री-प्रमुख स्क्रीनकडे बघत म्हणाले, "रायगडात एवढा माल घातला, तो गेला कुठं?" रायगड कोरा होता. दोन दिवस मी चार्टच्या सेटिंगमध्येच शोधत बसलो. शेवटी बायकोनं दाखवलं, "अहो, उजवीकडे बघा, छत्तीसगडात एक ठिपका रंगलाय." जिल्ह्यांची यादी आम्ही २०११ च्या जनगणनेतून उचलली होती. तिथे रायगडच्या इंग्रजी स्पेलिंगच्या शेवटी 'डी' नसून 'आर-एच' आहे, आणि त्याच स्पेलिंगचा जिल्हा छत्तीसगडमध्ये आहे. नकाशानं आपलं काम बरोबर केलं होतं, नाव आम्ही चुकीचं दिलं होतं. माझ्या धंद्याची दिशा त्या दिवशी ठरली.

त्यानंतर जिल्ह्याच्या कॉलमशेजारी राज्य आणि देश असे दोन कॉलम लावल्याशिवाय आम्ही मॅप चार्ट, म्हणजे ठिकाणांच्या नावांवरून नकाशा रंगवणारा एक्सेलचा चार्ट, काढत नाही. औरंगाबाद बिहारमध्येही आहे, प्रतापगड उत्तर प्रदेशात आणि राजस्थानातही. पुढे आम्ही नावांवर विसंबणंच सोडलं. त्याऐवजी जनगणनेनं राज्यांना आणि जिल्ह्यांना दिलेले ओळख-क्रमांक घेतले. त्यात महाराष्ट्राचा क्रमांक २७, आणि जिल्हे नंदुरबार ४९७ पासून सांगली ५३१ पर्यंत, म्हणजे ३५. पालघर १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झाला, म्हणून तो त्या यादीत सापडत नाही. जुन्या यादीवर काम करणाऱ्यांचा पालघर हमखास निसटतो. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं, २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर. काही गिऱ्हाइकांनी लगेच नवी नावं टाकली, काहींची जुनीच राहिली, आणि एकाच जिल्ह्याची विक्री दोन ओळींत तुटली. आता आमच्या तक्त्यात क्रमांक एक, नावं दोन : एक नकाशाला ओळखता येणारं, एक छापायचं.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते न दिसणाऱ्या गोष्टीनं. इंग्रजीत नांदेडची अक्षरं सहा. शीटमध्येही सहाच दिसत होती, पण अक्षरं मोजणारं एक्सेलचं सूत्र 'लेन' लावल्यावर उत्तर आलं ७. मेलमधून किंवा वेबवरून चिकटवताना शेवटी एक मोकळी जागा आली होती. जादा मोकळ्या जागा काढणाऱ्या 'ट्रिम' सूत्रानं साधी स्पेस जाते, ही गेली नाही, कारण ती १६० क्रमांकाची वेगळी स्पेस. ती एका अक्षराच्या जागी दुसरं घालणाऱ्या 'सब्स्टिट्यूट' सूत्रानं काढावी लागते. नवीन माणूस कामाला लागला की पहिल्या दिवशी मी त्याला हेच शिकवतो.

दुकानांचे ठिपके टाकायचं काम आलं, तेव्हा अक्षांश-रेखांशाची गाठ पडली. पुण्याचा अक्षांश १८.५२, रेखांश ७३.८५. विक्री प्रतिनिधीनं उलटे लिहिले की पुण्याचं दुकान नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जातं. दोन्ही जागी शून्य पडलं की आफ्रिकेजवळ गिनीच्या आखातात. या चुका निदान डोळ्यांना दिसतात. १८ अंश ३१ मिनिटं कुणी १८.३१ लिहिली, तर दुकान तेवीसेक किलोमीटर दक्षिणेला सरकतं आणि जिल्ह्यातच राहतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. अक्षांश १५ ते २३ आणि रेखांश ७२ ते ८१ यांच्या बाहेरची ओळ लाल करणारी अट आम्ही प्रत्येक शीटला लावलीय, पण ही चूक त्या अटीतून सुटते. तिच्यासाठी पत्त्यातलं गाव आणि ठिपका ताडून बघावंच लागतं.

नकाशा पूर्ण कोरा दिसला, तर आधी इंटरनेट बघा, नवीन ठिकाणं शोधायला ते लागतं. आणि समोरच्याकडे २०१९ च्या आधीचं, एकरकमी घेतलेलं एक्सेल असेल तर त्यात मॅप चार्टच नाही. म्हणून आम्ही सोबत चित्र पाठवतो. देशाची सीमा सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाशी ताडल्याशिवाय छापायला काहीही देत नाही, यात तडजोड नाही.

गावांचं काम मात्र अजून फोनवरच चालतं. वडगाव किती! पेठ वडगाव, वडगाव मावळ, वडगाव शेरी, वडगाव बुद्रुक. शीटमध्ये नुसतं 'वडगाव'. परवा एका दुकानाच्या पत्त्यात फक्त खटाव होतं. आमच्या मुलीनं फोन लावला, "काका, दुकान खटाव गावात आहे की खटाव तालुक्यात?"

"आगं पोरी, दुकान वडूजला हाय. तालुका खटाव."

तिनं ठिपका वडूजला नेला, तालुक्याच्या कॉलममध्ये खटाव लिहिलं आणि पुढच्या दुकानाचा नंबर लावला.