आमची वाटचाल : बारा ते सोळा वयाचं कपाट

आमचा छापखाना सांगलीचा. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तो सुरू केला तेव्हा ट्रेडलवर, म्हणजे पायाने चालवायच्या छपाईयंत्रावर, लग्नपत्रिका, सोसायट्यांच्या पावत्या आणि जत्रांची हँडबिलं छापली जात. पुढे दुकानदारांनीच मागितली म्हणून मुलांची पुस्तकं आली. परीकथा, इसापनीती, बिरबल. सोळा पानांचा एक फर्मा, म्हणजे एकाच मोठ्या कागदाची घडी, मध्ये दोन पिना, मुखपृष्ठ दोन रंगांत. ती वर्षं बरी गेली. अण्णांनी घर बांधलं, ऑफसेट मशीन आलं, माझं शिक्षण झालं.

मला सांगायचं आहे ते आमच्या कुमार विभागाबद्दल, म्हणजे बारा ते सोळा वयाच्या पोरांच्या पुस्तकांबद्दल. मराठीत लहानग्यांसाठी चित्रांची सुंदर पुस्तकं आहेत, मोठ्यांसाठी तर विचारायलाच नको. मधल्या पोरांना आपण भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे देतो आणि तो संपला की थेट मोठ्यांच्या कादंबऱ्यांकडे पाठवतो. फुरसुंगीचा तो मुलगा अजून वाचला जातो याचा मला आनंदच आहे. पण आठवीतल्या पोराला साहसाबरोबर आणखीही काही हवं असतं, ते त्याने कुठे शोधायचं? पाठ्यपुस्तक मंडळाचं ‘किशोर’ १९७१पासून निघतंय, त्याचं ऋण आहेच, पण मासिकाच्या चार पानांत कादंबरीची भूक भागत नाही. साहित्य अकादमी २०१०पासून बालसाहित्याला पुरस्कार देते, त्यातही कुमारांसाठी वेगळा पुरस्कार नाही.

हे माझ्या डोक्यात घातलं तासगाव तालुक्यातल्या एका हायस्कूलच्या ग्रंथपाल बाईंनी. त्या सुट्टीत एसटीने यायच्या, प्रत्येक पुस्तक उलटं धरून शिवण तपासायच्या, मगच किंमत विचारायच्या. देवघेवीच्या रजिस्टरात त्या एक जादा रकाना आखत : पूर्ण वाचलं की नाही. बोधकथांचे संच दुसऱ्या दिवशी परत यायचे. भुताच्या आणि चोरी पकडण्याच्या गोष्टी आठवडाभर फिरायच्या, विज्ञानकथा दोन-तीन ठरावीक पोरंच नेत, पण पुन्हापुन्हा. “आणि मुली काय मागतात सांगू?” बाई म्हणाल्या. “पाळीबद्दल, घरातल्या दारूबद्दल, मैत्रिणीचं लग्न लावून दिलं त्याबद्दल. सरळ विचारत नाहीत. कपाटासमोर उभ्या राहतात आणि काही न घेता जातात.”

त्यातून आमची पहिली कुमार कादंबरी आली. दिवाळीनंतर बीडकडून आमच्या भागात ऊसतोडीला येणाऱ्या टोळीतली मुलगी, जिची शाळा दरवर्षी मध्येच सुटते. शेवटी ती बोर्डात पहिली येत नाही आणि कुणी साहेब तिला दत्तकही घेत नाही. लेखिकेला मी तो शेवट बदलायला सांगितला नाही, याचा मला अभिमान आहे. दुसरी कादंबरी पाळीवर, तिसरी भुताची.

छपाईत आम्ही कसर ठेवली नाही. या वयाला आर्टपेपर नको, दिव्याखाली चमकतो. सत्तर जीएसएम वजनाचा नॅचरल शेड, म्हणजे किंचित पिवळसर, कागद, अक्षर चौदा पॉइंट, ओळींत मोकळी जागा. बांधणी जुजबंदी शिलाईची, म्हणजे फर्मे दोऱ्याने शिवलेली. नुसत्या डिंकाचं परफेक्ट बाइंडिंग शाळेच्या ग्रंथालयात एक वर्षही टिकत नाही, पानं पत्त्यांसारखी गळतात. शिलाईने खर्च वाढतो. पुस्तकावर जीएसटी नाही, पण कागदावर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही, तो भार आमच्यावरच येतो. तरी शिलाई सोडली नाही.

आता शाळांना पुस्तकांचे संच पुरवणाऱ्या एका पुरवठादाराबद्दल. नाव लिहीत नाही, आमच्या धंद्यातल्यांना ते कळेलच. पन्नास पुस्तकांचा संच, त्याच जुन्या गोष्टी, लेखकाचं नाव नाही म्हणून मानधनाचा प्रश्नच नाही, चित्रं इकडची तिकडची, आणि शाळेला आम्हाला कधीच परवडणार नाही इतकं कमिशन. धंदा म्हणून तेही मी सोसलं असतं. पण त्याने मुख्याध्यापकांच्या टेबलावर आमची पाळीवरची कादंबरी ठेवली, खुणा करून ठेवलेली पानं उघडली आणि विचारलं, “हे मुलींच्या हातात देणार का, सर?” शाळा एकेक करून गळल्या. ज्या सरांनी लेखिकेचा वर्गात सत्कार केला होता, त्यांनीही प्रती परत पाठवल्या.

त्यातच ऑगस्ट २०१९चा पूर आला. २००५चं पाणी भिंतीवर जिथवर चढलं होतं, त्या खुणेच्या वर फळ्या ठोकून आम्ही माल ठेवला होता. कृष्णा त्याच्याही वर गेली. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी ५७ फुटांच्या पुढे. भिजलेला कागद फुगतो हे छापखानेवाल्यांना सांगायला नको. गठ्ठे इतके फुगले की लोखंडी रॅकचे पाय वाकले. शिवलेले फर्मे, मुखपृष्ठं, जुन्या पुस्तकांच्या पॉझिटिव्ह, म्हणजे छपाईच्या फिल्म, सगळं चिखलात. विम्याचा सर्व्हेअर आला आणि त्याने माल रद्दीच्या भावाने धरला. लेखिकेची दोन वर्षं, चित्रकाराची मेहनत, आमची शिलाई, याला त्याच्या कोष्टकात रकाना नव्हता. त्याच हंगामात त्या पुरवठादाराचा माल कोरड्या गोदामातून टेम्पोने शाळांत पोचत होता, आणि आमची कंपनी बुडाली असं तो सांगत फिरत होता.

बंद करायचं जवळजवळ ठरलं होतं. बाई चिखल सुकल्यावर आल्या. ऊसतोडीच्या कादंबरीची आमच्याकडे एकही प्रत उरली नव्हती, त्यांनी शाळेच्या शिक्क्याची प्रत आणली आणि पुढच्या आवृत्तीसाठी शिक्षकांनी वर्गणी काढून जमवलेले पैसे हातात ठेवले. ती प्रत उसवून आम्ही पान न् पान स्कॅन केलं. चित्रांवरचे शिक्के संगणकावर पुसायला कितीतरी रात्री लागल्या. मागच्या पानावर पुस्तक कोणी कधी नेलं त्या तारखांची चिठ्ठी चिकटवलेली होती. ती भरली म्हणून तिच्यावर दुसरी, मग तिसरी.

त्या तिन्ही चिठ्ठ्यांचा फोटो काढून मी मुख्याध्यापकांकडे गेलो. पुस्तक चांगलं आहे हे पटवायला गेलो नाही. म्हटलं, तुमच्या पन्नासच्या संचातली कुठलीही एक चिठ्ठी दाखवा. काहींनी ऐकून सोडून दिलं, काही परत आले. कोरोनातल्या दोन वर्षांत शाळा बहुतेक काळ बंदच होत्या, ती वर्षं उरलासुरला माल विकून काढली. आता यादीत कुमारांची पुस्तकं लहान मुलांच्या पुस्तकांहून जास्त आहेत.

नव्याने या धंद्यात येणाऱ्यांना सांगतो. मुखपृष्ठावर ‘वय ८ ते १४’ छापू नका, चौदाचा पोरगा आठ वाचला की हात मागे घेतो. नायक वाचकापेक्षा एक-दोन वर्षांनी मोठा ठेवा. शेवटच्या परिच्छेदात तात्पर्य आलं तर ते कापा, लेखक रुसला तरी कापा. मानधन आवृत्ती बाजारात जाण्याआधी द्या. आणि शाळेत गेलात तर मुख्याध्यापकांच्या आधी ग्रंथपालांना भेटा.

सध्या आम्हाला दोन गोष्टी हव्या आहेत. एक, मुलग्यांच्या मैत्रीवर, मारामारीपलीकडची कादंबरी. दुसरी, शहरात घरकाम करणाऱ्या बाईच्या मुलाची रहस्यकथा, ज्यात चोरीचा आळ त्याच्या आईवर येतो. हस्तलिखित पूर्ण असेल तरच पाठवा, युनिकोडमध्ये टाइप केलेलं असावं. उत्तर मी स्वतः देतो.