अर्ध्या संवादाची पत्रे

नौपाड्यातील आमची इमारत पुनर्विकासासाठी रिकामी करायची असल्याने मागच्या महिन्यात माळ्यावरची आप्पांची लोखंडी ट्रंक खाली काढली. तिच्यात जुन्या मफलरमध्ये गुंडाळलेली एकतीस आंतरदेशीय पत्रे निघाली, सगळी १९७० आणि १९७१ मधली. आप्पा, म्हणजे माझे वडील, मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. प्रेषकाच्या जागी नाव, नंबर आणि ‘द्वारा ५६ एपीओ’ (लष्करी टपालघर) एवढेच आहे, कारण पलटण कोठे आहे हे घरी कळवण्याची मुभा नव्हती. घड्यांवर कागद विरला आहे आणि प्रत्येक घडीत एकेक ओळ कायमची गेली आहे.

मी इतिहासाची निवृत्त शिक्षिका आहे. अमेरिकेचे यादवी युद्ध मी वर्षानुवर्षे मुलांना कापसाच्या भावातून शिकवले: १८६१ मध्ये उत्तरेने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेना, आपल्या कापसाला मागणी आल्याने मुंबईत पैशांचा पूर आला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव कोसळून अनेक पेढ्या बुडाल्या. त्या युद्धात लढलेल्या माणसांविषयी मी वर्गात दोन वाक्येही बोलले नाही, याची मला आज खंत वाटते. निवृत्तीनंतर लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेतील ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर त्या सैनिकांच्या पत्रांच्या आणि रोजनिश्यांच्या प्रती वाचू लागले, आणि गेले वर्षभर माझी संध्याकाळ त्यातच जाते.

आप्पांची पत्रे वाचताना पहिला धक्का बसला तो मायन्याचा. ‘ती. स्व. आबांस शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि., मी येथे खुशाल आहे, आपणां सर्वांची खुशाली कळवावी.’ अमेरिकन सैनिकांची शेकडो पत्रे नेमकी अशीच सुरू होतात: हाती लेखणी घेऊन कळवतो की मी बरा आहे, आणि या चार ओळी पोहोचतील तेव्हा तुम्हीही बरे असाल अशी आशा करतो. शंभरहून अधिक वर्षांचे आणि दोन समुद्रांचे अंतर असूनही बेताचे शिकलेला माणूस कागदापुढे बसला की त्याच वाटेने निघतो. पुढची चौकशीही सारखीच असते. पेरणी झाली का, गाय विकली का, उसने दिलेले पैसे परत आले का. आप्पांनी तर तीन पत्रांत एकच गोष्ट विचारली आहे: छपराच्या पत्र्याला डांबर लावले का?

अमेरिकेचे ते युद्ध पत्रांच्या दृष्टीने वेगळेच होते. उत्तरेच्या गोऱ्या सैनिकांपैकी ९० टक्क्यांहून अधिक आणि दक्षिणेच्या ८० टक्क्यांहून अधिक जणांना लिहिता-वाचता येत होते, आणि नंतरच्या युद्धांत होती तशी पत्रे तपासण्याची पद्धत तेव्हा बहुतांशी नव्हती. त्यामुळे सेनापती नालायक आहे, बिस्किटांत किडे आहेत, पगार चार महिने नाही, हे सगळे मोकळेपणाने लिहिलेले सापडते. ज्याच्याजवळ तिकिटाचे तीन सेंट नसत, त्याला पाकिटावर ‘सैनिकाचे पत्र’ असे लिहून अधिकाऱ्याची सही घेता येई आणि पैसे घरचे लोक भरत. आपल्याकडचे बैरंग पत्रच ते, फक्त दंडाशिवाय. दक्षिणेत कागदाचा तुटवडा इतका झाला की भिंतीला लावायच्या नक्षीदार कागदाची पाकिटे करत, आणि एकदा लिहून भरलेला कागद आडवा धरून त्याच ओळींवरून दुसऱ्या ओळी लिहीत. असे एक पान मी पडद्यावर मोठे करून अर्धा तास वाचत होते, डोळ्यांना पाणी येईपर्यंत, आणि हाती लागली ती मोज्यांची मागणी.

रोजनिशीचा स्वभाव निराळा. ती खिशात मावेल एवढी, बहुधा पेन्सिलीने लिहिलेली. पत्रात जे आईसाठी लपवले जाते ते रोजनिशीत दोन शब्दांत येते: पाऊस, अठरा मैल चाल, तंबूतला अमुक गेला. विशेषणे नसतात. माझ्या मते खरे युद्ध तिथेच दिसते.

या सगळ्या वाचनात मला सतत टोचणारी गोष्ट म्हणजे उत्तरे नाहीत. सैनिकाची पत्रे घरी जपली गेली, परंतु घरून आलेली पत्रे पाठीवर किती दिवस वाहणार? ती पावसात भिजली, चालताना टाकली गेली, आणि कित्येकांनी तर लढाईपूर्वी ती स्वतःच्या हाताने जाळली, कारण आपण पडलो तर बायकोचे अक्षर परक्याने वाचू नये. त्यामुळे संग्रहालयांत जो संवाद उरला आहे, तो बव्हंशी अर्धाच आहे.

सलिव्हन बलू या ऱ्होड आयलंडच्या बत्तीस वर्षांच्या वकिलाने १४ जुलै १८६१ रोजी पत्नी सेराला लिहिलेले पत्र जगप्रसिद्ध आहे. आपण मेलो तर गालाला लागणारी झुळूक हा माझाच श्वास समज, असे त्याने लिहिले. आठवड्याने बुल रनच्या लढाईत तो जबर जखमी झाला आणि काही दिवसांतच वारला. ते पत्र त्याने टपालात टाकलेच नव्हते, ते त्याच्या सामानात सापडले. म्हणजे त्या पत्राला उत्तर असणे शक्यच नव्हते.

मला मात्र त्याहून अधिक जवळचे वाटते ते स्पॉट्सवुड राइसचे पत्र. हा मिझूरी राज्यातला गुलाम, पळून जाऊन १८६४ मध्ये कृष्णवर्णीयांच्या पलटणीत भरती झाला. ३ सप्टेंबरला सेंट लुईसच्या लष्करी रुग्णालयातून त्याने अजून गुलामीत असलेल्या आपल्या मुलींना कळवले की जीव गेला तरी मी तुम्हाला घेऊन जाईन, आणि त्यांतल्या एकीच्या मालकिणीलाही तितकेच कडक पत्र लिहिले. ही पत्रे टिकली ती मुलींमुळे नव्हे. मालकिणीचा भाऊ गावचा पोस्टमास्तर होता. राइसला राज्याबाहेर घालवा, अशी तक्रार त्याने सेनापतीकडे केली आणि पुरावा म्हणून पत्रे जोडली, म्हणून ती सरकारी दप्तरात राहिली. ज्याने ती वाईट हेतूने पुढे धाडली, त्याच्याच हातून ती वाचली! राइसची मुलगी मेरी १९३७ मध्ये सेंट लुईसमध्ये म्हातारपणी आपल्या वडिलांविषयी भरभरून बोलली, याची नोंद आहे.

ट्रंकेतही आईचे एकही पत्र नाही. आईला लिहिता येत नव्हते. धाकटे काका शाळेत जात, तेच लिहून देत. आप्पांचे पत्रही आबांच्या नावे येई आणि तिच्यासाठी त्यात ‘घरच्या मंडळींस सांगणे’ एवढाच खण असे. आता तिला पंच्याऐंशी वर्षे झाली आहेत. तिला पत्रे वाचून दाखवली, डांबराची ओळ आल्यावर ती हसली, आणि मी विचारले की तू काय लिहायला सांगायचीस.

‘‘काय सांगणार? गाय व्याली, आबांचा खोकला बरा हाय, पत्र्याला डांबर लावलं.’’

‘‘आणि तुम्ही या, असं कधी नाही लिहिलंस?’’

‘‘भावजींसमोर तसं कसं म्हणायचं? मग मी म्हणायची, लिहा, यंदा शेंगा काढायला माणूस मिळंना.’’