तुम्ही विचारलंत म्हणून : ‘त्या’ गल्लीत का नेत नाही?

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी सात वाजता मी दहा-बारा जणांना घेऊन पुण्यातल्या बुधवार पेठेत चालते. दोन-अडीच तास. विषय एकच : या पेठेत वेश्यावस्ती कशी वसली आणि कशी टिकली. फरासखान्यापाशी सुरुवात करतो, तांबड्या जोगेश्वरीपाशी थांबतो. चहाचे कप हातात आले की कुणीतरी आवाज खाली आणून विचारतंच, ‘‘मॅडम, सगळं सांगितलंत, पण त्या गल्लीत नाही नेलंत.’’

काही जण नुसत्या कुतूहलानं विचारतात. काहींचा प्रश्न मात्र मनापासूनचा असतो, की वस्ती न बघता वस्तीचा इतिहास कळणार कसा? रस्त्यात उभ्या उभ्या मी याचं अर्धंमुर्धंच उत्तर देते. ते आज नीट लिहिते.

मी याच पेठेतली. गल्लीच्या तोंडापासून चार घरं सोडून आमचा वाडा. वाड्याच्या दारावर पांढऱ्या ऑइलपेंटनं लिहिलेलं होतं, ‘येथे कुटुंब राहते. दार वाजवू नये.’ ‘कुटुंब’वरचा अनुस्वार रंगवताना ओघळला होता, तो तसाच वाळला. अशा पाट्या आमच्या भागात बऱ्याच दारांवर होत्या. रात्री कुणी पिऊन आलेला दार चुकायचा, कडी वाजवायचा, आणि वडील आतूनच ओरडायचे, ‘‘पाटी वाचा!’’ आई मला शाळेत सोडताना म्हणायची, ‘‘खाली बघून चाल.’’ मी खाली बघूनच चालायचे. त्यामुळे त्या बायकांचे पाय मला आधी ओळखीचे झाले. भेगा पडलेल्या टाचा, जोडवी, एकीच्या घोट्यावर गोंदलेला विंचू. चेहरे फार उशिरा बघितले, तोवर मी शिक्षिका झाले होते आणि त्यांतल्या दोघींची मुलं माझ्या वर्गात होती.

त्यामुळे वॉकमध्ये मी सांगते तो इतिहास मला परका नाही. पण तो त्या गल्लीत बघायला मिळत नाही. गल्लीत बायका दिसतात. त्या तिथे का आहेत ते गल्लीबाहेर दिसतं. माझा सगळा मार्ग याच्यावर आखलेला आहे.

पेठ जुनी आहे. औरंगजेबाचा मुक्काम पुण्यात होता तेव्हा, १७०३ च्या सुमाराला, तिला मोहियाबाद नाव पडलं. पेशवाईत वाराचं नाव आलं. फरासखान्याला आज आपण पोलीस ठाणं म्हणून ओळखतो. फरासखाना म्हणजे तंबू, जाजमं, गालिचे, बैठकीचं सामान सांभाळणारं सरकारी खातं. म्हणजे फौजेचं आणि दरबाराचं सामान ठेवायची ही जागा. तिथे उभं राहून मी लोकांना एकच विचार करायला सांगते : दसऱ्याला मोहिमेवर निघणारी, पावसाळ्याआधी परतणारी फौज, सावकार, कारकून, वकील, घोडेवाले, आणि यातले बहुतेक पुरुष घर गावाकडे ठेवून आलेले.

तिथून पुढे मी कुणबिणींबद्दल, म्हणजे गुलाम बायकांबद्दल, सांगते, आणि इथे मी वेळेचा हिशेब ठेवत नाही. पेशवाईची गोष्ट निघाली की लोकांना बावनखणी, म्हणजे कलावंतिणींची वस्ती, ऐकायची असते. कलावंतिणी, लावणी, राम जोशी, होनाजी बाळा, दुसऱ्या बाजीरावाचा रंगेल दरबार. ते मी सांगते, कारण ते खरं आहे आणि त्या बायकांची कला अस्सल होती. पण पेशवे दप्तरात त्याहून जास्त कागद कुणबिणींचे आणि बटकींचे आहेत, असं मला ते वाचताना सतत वाटत आलंय. बाई विकत घेतल्याचे कागद, तिची किंमत रुपयांत लिहिलेली. दुष्काळात विकलेल्या, मोहिमेत धरून आणलेल्या. आणि एक तिसरा प्रकार : बदकर्म, म्हणजे व्यभिचार, केल्याचा आरोप शाबीत झाला की बाईला सरकारात कुणबीण म्हणून ठेवायची शिक्षा होत असे. मग ती किल्ल्यावर, कोठीत, पागेत राबायची. तिला घर उरत नसे. कोतवालाच्या कामात बदकर्माचे खटले आणि वेश्यांवरची नजर हेही येई. कोतवाल चावडी हे नाव शिवाजी रस्त्यावर अजून आहे. दगडूशेठच्या दर्शनाला आलेले लोक ते रोज वाचतात.

इंग्रजी अमलात १८४३ च्या कायद्यानं गुलामगिरीला कायद्याचा आधार उरला नाही. माणूस विकत घेतल्याचा कागद कोर्टात चालेनासा झाला. पण सुटलेल्या बाईनं जायचं कुठे, हे कुठल्याच कायद्यात नव्हतं. कॅम्पात गोऱ्या सोल्जरांसाठी पलटणीच्या बाजारात बायका ठेवल्या जात, त्यांची नोंद होई. १८६८ चा सांसर्गिक रोगांचा कायदा आला, त्यात बाईची सक्तीची तपासणी आणि आजार निघाला तर इस्पितळात कोंडणं. सोल्जराची तपासणी या कायद्यात नव्हती. वीस वर्षांनी, १८८८ मध्ये, विलायतेतल्या बायकांनी चालवलेल्या मोठ्या चळवळीनंतर तो रद्द झाला. हे मी दोन मिनिटांत सांगते, कारण ती सगळी जागा कॅम्पात आहे आणि आम्ही उभे असतो बुधवारात.

भिडे वाड्यापाशी मात्र थांबते. जुना वाडा २०२३ च्या डिसेंबरात पाडला, स्मारकासाठी. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली ती इथे, या पेठेत. आणि पुढे १८६३ साली गंज पेठेत स्वतःच्या घरी त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं. फसलेल्या विधवेनं यावं, बाळंत व्हावं, मूल न्यावं किंवा ठेवून जावं. तिथे आलेल्या काशीबाईंचा मुलगा यशवंत, त्याला त्यांनी दत्तक घेतलं. वॉकमध्ये कुणीतरी विचारतं, याचा वेश्यावस्तीशी काय संबंध? मी म्हणते, त्या काळात विधवेला दिवस गेले तर तिच्यापुढे वाटा किती होत्या ते मोजा. विहीर, काळं पाणी, किंवा बाजार. सावित्रीबाईंनी चौथं दार उघडलं, आणि तेही स्वतःच्या राहत्या घराचं.

माझ्या लहानपणी गल्लीत कन्नड फार ऐकू यायचं. सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडलेल्या मुली. लाल-पांढऱ्या मण्यांची माळ गळ्यात बांधली की मुलीचं लग्न देवाशी लागलं. कुठल्या माणसाशी नाही, म्हणून कुठल्या माणसावर तिची जबाबदारी नाही. रांडाव पुनवेला, मार्गशीर्षात, यल्लम्माच्या बांगड्या फुटतात. त्या दिवशी गल्लीतल्या काही जणी उपास धरायच्या, हे मला कामाला येणाऱ्या मावशींकडून कळलं. मुंबई इलाख्यात १९३४ सालीच देवदासी सोडण्यावर बंदी आली, कर्नाटकानं १९८२ मध्ये पुन्हा कायदा केला, महाराष्ट्राचा त्याही नंतरचा. कायदा होत राहिला आणि गाड्या पुण्याला येत राहिल्या. १९७२ च्या दुष्काळानंतर तर किती आल्या ते आमच्या वाड्यातल्या मोठ्या माणसांना चांगलं आठवायचं. आता कन्नड कमी ऐकू येतं. बंगाली, नेपाळी, हिंदी जास्त.

एवढं सगळं सांगून होईपर्यंत आम्ही गल्लीच्या तोंडाशी येतो. आणि वळतो.

आधी वळत नव्हते. पहिली दोन वर्षं मी गल्लीतून नेत असे. मला वाटायचं, सकाळची वेळ आहे, धंद्याची नाही. लोकांना कळेल की ही साधी गल्ली आहे. नळावर बादल्या, वाळत घातलेल्या साड्या, दूधवाला. मी आधीच बजावत असे की फोन खिशात ठेवा.

एका रविवारी एका पायरीवर एक बाई मांडीवरच्या मुलाला दुधात कुस्करलेली पोळी भरवत होती. मूल चारेक वर्षांचं, गणवेशाची निळी चड्डी घातलेली, रविवारी सुद्धा. आमच्यातल्या एकानं फोन वर केला. वाईट माणूस नव्हता. त्याला ते दृश्य सुंदर वाटलं, एवढंच. तिनं फोन पाहिला आणि झटकन पदर ओढला. स्वतःच्या तोंडावर नाही, मुलाच्या. पदराआडून त्याचं चावणं चालूच होतं, कापड हलत होतं. ती माझ्याकडे बघून म्हणाली, ‘‘माझं काय बी काढा, ताई. ह्याचं नको. ह्याची शाळा हाय.’’

मी शिक्षिका. ह्याची शाळा हाय म्हणजे काय, हे मला तिनं समजावून सांगायची गरज नव्हती. माझ्या वर्गातली ती दोन मुलं पत्ता सांगताना ‘लक्ष्मी रोडच्या मागं’ म्हणायची. एकाच्या प्रवेश अर्जावर वडिलांचं नाव दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिलेलं होतं. वर्गात एकाला कळलं की दुसऱ्या दिवशी पूर्ण शाळेला कळतं, आणि मग ते मूल येत नाही. असा एक फोटो कुठे फिरला असता तर त्या निळ्या चड्डीचं काय झालं असतं, ते मला त्या क्षणी समोर दिसत होतं. फोटो काढायला लावला नव्हता, पण माणसं तिथे मीच आणली होती.

त्या दिवसापासून मी गल्लीत नेत नाही.

लोक अॅमस्टरडॅमचं उदाहरण देतात, तिथे तर उघड बघायला नेतात. नेत होते. त्या शहरानंच २०२० पासून तिथल्या खिडक्यांसमोरून पर्यटकांचे गट फिरवण्यावर बंदी घातली. तिथे धंद्याला कायद्याची मान्यता आहे, तरीही.

आपल्याकडचा कायदा लोकांना फारसा माहीत नसतो, म्हणून तोही इथे लिहिते. १९५६ चा कायदा, १९८६ साली त्याचं नाव बदलून ‘अनैतिक व्यापार (प्रतिबंध)’ झालं. सज्ञान बाईनं स्वतःच्या मर्जीनं हा व्यवसाय करणं हा गुन्हा नाही. पण कुंटणखाना चालवणं गुन्हा, गिऱ्हाईक हाका मारून बोलावणं गुन्हा, आणि देऊळ, शाळा, इस्पितळ यांच्यापासून २०० मीटरच्या आत केलं तर गुन्हा. बुधवारात देवळापासून २०० मीटर लांब जागा शोधून दाखवा. शिवाय बाईच्या या कमाईवर जाणूनबुजून जगणारा अठरा वर्षांवरचा कुणीही गुन्हेगार ठरू शकतो. म्हणजे तिची म्हातारी आईसुद्धा, आणि तो निळ्या चड्डीतला मुलगा अठरा पूर्ण झाला की तोसुद्धा, आईच्या हातची भाकरी खाताना. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की या स्त्रियांनाही सन्मानानं जगण्याचा हक्क आहे, पोलिसांनी त्यांच्याशी नीट वागावं, आई या व्यवसायात आहे एवढ्यावरून मूल तिच्यापासून तोडू नये. हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, आमच्या पाटीवरचा ‘कुटुंब’ हा शब्द कोर्टात गल्लीच्या बाजूनं वापरला गेला.

ती पाटी मी अलीकडे फार आठवते. वडिलांनी ती नाइलाजानं लावली होती, आई रात्री खरंच घाबरायची, त्यांना मी दोष देत नाही. पण ‘येथे कुटुंब राहते’ असं लिहिलं की शेजारच्या दारामागे कोण राहतं, याचंही उत्तर आपण दिलेलं असतं. पलीकडे मुलं होती, म्हाताऱ्या होत्या, दुपारी एकमेकींच्या वेण्या घालणाऱ्या बायका होत्या. ‘वंचित विकास’ या संस्थेनं या मुलांना राहायला ‘नीहार’ काढलं, ‘सहेली संघ’ ही इथल्या बायकांची स्वतःची संघटना उभी राहिली, ते सगळं या दारांमागूनच. २०२० च्या टाळेबंदीत गल्लीत माणूस फिरकत नव्हतं, भाडं थकलं होतं, चुली बंद होत्या. सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयानं ओळखपत्र न मागता शिधा द्या असं सांगितलं. बहुतेकींकडे रेशनकार्ड नव्हतं, कारण रेशनकार्डाला पत्ता लागतो, आणि इथला पत्ता लिहिला की पुढचा माणूस मान वर करून बघतो.

आपण तरी कुठे लिहितो? पुस्तकं घ्यायला आपण ‘अप्पा बळवंतला’ जातो, दिव्याच्या माळा घ्यायला ‘तपकीर गल्लीत’, भांडी घ्यायला ‘तुळशीबागेत’. हे सगळं बुधवारातच आहे. बुधवार पेठ एवढं मोठं नाव आपण त्या एका गल्लीला देऊन टाकलंय.

ज्यांना खरंच जाणून घ्यायचंय त्यांना मी सांगते, संघटनेच्या कार्यालयात आधी विचारून जा, त्या बोलवतील तेव्हा जा, खाली बसून ऐका. दोघी-तिघी गेल्या. एक जण अजून दर शनिवारी मुलांना गणित शिकवायला जाते.

ती पायरीवरची बाई मला आता ओळखते. परवाच्या रविवारी आम्ही गल्लीच्या तोंडाशी आलो तेव्हा ती बादली घेऊन उभी होती. तिनं आमच्याकडे एकवार बघितलं, माणसं मोजली.

‘‘आज पंधरा का?’’

‘‘पंधरा.’’

‘‘मग त्या अंगानं न्या. हिकडं पाणी सोडलंय, घसरतील कोणीतरी.’’

आम्ही त्या अंगानं गेलो.