मशीन काढलं म्हणून ओरडला तो

डिसेंबरात धुळ्याला थंडी पडली की आमच्या आयसीयूत सीओपीडीचा, म्हणजे श्वासाच्या नळ्या अरुंद होऊन श्वास सोडायलाच जड जाणाऱ्या आजाराचा सीझन सुरू. त्या रात्री शिरपूरकडून साठीची एक बाई आली, तिकडच्या डॉक्टरांनी श्वासनलिकेत नळी घालून व्हेंटिलेटरवरच पाठवलेली, आणि वेळेवर घातली म्हणूनच ती इथवर पोचली हे आधीच सांगतो. बिडी-तंबाखू काही नाही पण सगळा जन्म पऱ्हाट्यांच्या चुलीपुढे गेलेला. फाईलवर काय, तर 'स्मोकिंग नाही'. चुलीचा रकानाच नसतो ना आपल्याकडे!

रक्तातला कार्बन डायऑक्साइड 90, म्हणजे खूपच जास्त, म्हणून तिकडे मशीनवर रेट मिनिटाला 28 श्वास आणि व्हॉल्यूम दर श्वासाला 450 मिली लावलेलं, आमच्या पोरांनीही चिठ्ठीत बघून तेच लावलं. थोड्या वेळात बीपी 60. एकजण सलाईन सोडा म्हणतोय, दुसरा फुफ्फुस फुटलं समजून छातीत सुई घालायला निघालेला. मी फ्लोचा ग्राफ बघितला तर श्वास सोडतानाची रेघ शून्यावर यायच्या आतच पुढचा श्वास ढकलला जातोय. 28 चा रेट म्हणजे श्वास सोडायला जेमतेम सव्वा सेकंद, असल्या फुफ्फुसाचं तेवढ्यात काय होणार, हवा साठत जाते, छातीतलं प्रेशर वाढतं, हृदयाकडे रक्तच परत येत नाही.

सर्किट, म्हणजे मशीनचा पाइप, नळीपासून सरळ काढलं. हवा सूं करत येतच राहिली, छाती खाली बसली, आर्टेरियल लाइनवर (धमनीतल्या सुईवर दिसणारं बीपी) 60 चे 80, मग 104. आणि नेमका तेव्हाच मुलगा दारात, "मन्ही मायनं मशीन काबर काढं?" अख्खा वॉर्ड गोळा.

मग टेप लावून उंची मोजली, 150 सेंटिमीटर, म्हणजे व्हॉल्यूमच्या हिशोबाला उंचीवरून धरायचं वजन 43 किलो. व्हॉल्यूम 340, रेट 12, सोडायला चार सेकंद. रेट कमी म्हणून सीओटू वरच, रक्ताचा पीएच 7.22 म्हणजे आम्लाकडे झुकलेला राहिला, राहू दिला. सकाळी राउंडला लगेच प्रश्न, सीओटू अजून वरच कसा? रिपोर्टातला आकडा नॉर्मल करायची इतकी घाई असते लोकांना, पेशंटकडे नंतर बघतात.

नळी निघाली, बायपॅपवर (मास्कच्या मशीनवर) राहिली, घरी गेली. गावात मात्र डॉक्टरनं मशीन काढलं तरी माय वाचली असंच सांगतात म्हणे. डिस्चार्जला मुलाला चुलीचं बोललो, घरी सिलिंडर आहे पण चहापुरता. "गॅसवरनी भाकर गोड लागत नही, साहेब." सिलिंडरचा भाव मलाही माहितीये, भांडणार काय. निदान धुराडं तरी बसव म्हटलं, तर हो म्हणाला, पण नजर बिलावर.