डोंगरावरची जॅकेटे आणि कोकणची दमट हवा

गेल्या काही वर्षांत रत्नागिरी-चिपळूणच्या बाजारपेठांत, कॉलेजच्या आवारात आणि गणपतीला गावी येणाऱ्या चाकरमान्यांच्या अंगावर नॉर्थ फेस, कोलंबिया अशी नावे मिरवणारी जॅकेटे सर्रास दिसू लागली आहेत. त्यांत अस्सल किती आणि नकली किती, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटत नाही. गिर्यारोहकांसाठी घडवलेला कपडा रोजचा पेहराव होण्याची जगभरची लाट कोकणात पोहोचली आहे, पण इथल्या हवेत त्या कपड्याचे काय होते याचा विचार फारसा कोणी करताना दिसत नाही, ही माझी खरी खंत आहे.

कष्टाचा कपडा शौकाचा होणे तसे जुनेच आहे. नॉर्वेच्या हेली हॅन्सन कंपनीने १८७७ पासून खलाशांसाठी जवसाच्या तेलात भिजवलेल्या कापडाचे कपडे बनवले, तर इंग्लंडमधील साउथ शील्ड्स बंदरात १८९४ मध्ये सुरू झालेल्या बार्बर कंपनीचे ग्राहक खलाशी, मच्छीमार आणि गोदी कामगार होते. पुढे त्याच बार्बरचे कपडे ब्रिटिश राजघराण्यातही वापरले जाऊ लागले. नॉर्थ फेसने १९९२ मध्ये नुप्त्से शिखराचे नाव दिलेले पिसांचे जॅकेट काढले आणि न्यूयॉर्कच्या तरुणांनी ते आपलेसे केले. मात्र तिथला हिवाळा खरोखर गोठवणारा असतो, त्यामुळे फॅशन झाल्यावरही त्या जॅकेटाचे मूळ काम सुटले नाही.

आपल्याकडे नेमके ते काम सुटते. अशा महागड्या पावसाळी जॅकेटांत वापरल्या जाणाऱ्या गोअर-टेक्स कापडाचेच पाहा. बॉब गोअर यांनी १९६९ मध्ये पीटीएफई (म्हणजे टेफ्लॉन) हा पदार्थ झटक्यात ताणून त्याचा सच्छिद्र पापुद्रा तयार केला. त्याची छिद्रे पाण्याच्या थेंबाला अडवतात, पण घामाची वाफ बाहेर जाऊ देतात. ती वाफ बाहेर जाते ती आतल्या आणि बाहेरच्या हवेतील बाष्पाच्या दाबात फरक असतो म्हणून. थंड, कोरड्या डोंगरावर हा फरक मोठा असतो. आषाढातल्या कोकणात हवा उबदार आणि बाष्पाने जवळजवळ भरलेली असते, त्यामुळे हा फरक अगदी थोडा उरतो, आणि ज्या गुणासाठी भरमसाट पैसे मोजले तोच गुण निम्म्याहून अधिक निकामी होऊन माणूस आतून घामाने भिजतो. पिसांच्या जॅकेटाची गत याहून वाईट, कारण ओल धरली की पिसे चिकटतात आणि ऊब देणारी हवा त्यांत राहत नाही. स्वस्त रेनकोट आणि सॅकच्या आतला पॉलियुरेथेन या प्लॅस्टिकचा पाणी अडवणारा लेपही दमट उष्णतेत हळूहळू विघटित होतो. दोन पावसाळे कपाटात पडलेली वस्तू चिकट होऊन तिचे पापुद्रे सुटू लागतात ते यामुळेच.

या हवेसाठी घडवलेले साधन आपल्याकडे होते, ते म्हणजे इरले. बांबूच्या कामट्यांच्या विणीत पाने दाबून केलेले हे आवरण डोक्यावरून पाठीवर उतरते, भातलावणीला वाकलेल्या माणसाचे दोन्ही हात मोकळे ठेवते आणि मुख्य म्हणजे अंगाला चिकटत नाही, त्यामुळे खालून वारा खेळत राहतो. वाफ कापडातून आरपार नेण्याची गरजच त्यात उरत नाही. आता पानांच्या जागी प्लॅस्टिक आले असले तरी रचना तीच आहे, आणि मला ती फार शहाणपणाची वाटते.

शहरात इरले घालून फिरावे असे मी अर्थातच म्हणत नाही. आवडीने जॅकेट घेणाऱ्याने जरूर घ्यावे, परंतु कोकणात वापरायचे असेल तर छातीवरच्या नावापेक्षा काखेखाली उघडणारी चेन आहे का, पाठीला वारा लागण्याची सोय आहे का आणि माप सैल आहे का, हे आधी पाहावे. घरी आल्यावर ते घडी घालून न ठेवता सावलीत टांगून पूर्ण वाळवावे आणि अधूनमधून आतला लेप बोटाने तपासावा. तो चिकट लागू लागला असेल, तर पुढचा पावसाळा त्याच्या भरवशावर काढू नये.